हातभर ताणा

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या घरात लहानथोर सगळ्यांना माहीत आहे. चहा गार झाला तरी चिडतो, जास्त गरम असला तरी चिडतो. सुना तोंडाला पदर लावून हसतात, मग मीही हसतो. पण एकदा मी माझा राग सरकारी हुकमाच्या आड लपवून एका घरावर काढला, हे त्यांना माहीत नाही. माझ्या बायकोला माहीत होतं. ती आता राहिली नाही, म्हणून मलाच सांगितलं पाहिजे.

गोष्ट निजामाच्या राज्यातली, औरंगाबादची. मी मूळचा देवगाव रंगारीचा. शाळा उर्दूत झालेली, अक्षर चांगलं, तेवढ्या भांडवलावर तालुकदाराच्या, म्हणजे आजच्या कलेक्टरच्या, कचेरीत अहलकार म्हणून चिकटलो. अहलकार म्हणजे कारकून. तोही कच्चा, नोकरी पक्की झालेली नव्हती. डोक्यावर गोंड्याची रूमी टोपी घालून कचेरीत जाताना मात्र ऐट अशी की राज्य आपल्याच सहीवर चाललंय. शहागंजच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. गल्ली हिमरू, म्हणजे सूत-रेशमाचं नक्षीचं कापड, विणणाऱ्यांची. सकाळपासून मागांचा आवाज सुरू व्हायचा तो शुक्रवारी दुपारी तेवढा थांबायचा. पहिले काही दिवस डोकं उठलं, पुढं तो आवाज नसला की चुकल्यासारखं वाटायला लागलं.

आमच्या अगदी समोर एका विणकराचं घर होतं. तो माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. घरात तो, त्याची बायको आणि त्याची आई. आईला सगळी गल्ली अम्मा म्हणायची, आम्हीही म्हणायचो. मी त्याला भाई म्हणायचो आणि तो मला मुन्शीजी. त्याच्या मुन्शीजीत आदर कमी, चेष्टा जास्त. नहरीच्या बंब्यावर पाण्याला माझी बायको आणि त्याची बायको बरोबरच जायच्या. आमच्याकडं सणाचं झालं की ताट समोर जायचं, त्यांच्याकडं ईदचा शीरखुर्मा झाला की वाडगा आमच्याकडं. लई सलगी होती, खोटं कशाला सांगू.

माझ्या लग्नातला शेला याच घरात विणलेला. तेव्हा विणकराचे वडील हयात होते. पोपटी जमिनीवर डाळिंबाचं फूल, आणि प्रत्येक फुलाशेजारी एक पान, डावीकडं जरासं वाकलेलं. लग्नात त्या शेल्याच्या टोकाला माझ्या बायकोच्या पदराची गाठ मारली होती. पुढच्याच वर्षी म्हातारबाबा गेले. ती नक्षी त्यांनी स्वतः बसवलेली, शहरात दुसऱ्या कुणाच्या मागावर ती नव्हती.

नक्षी बसवणं म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. खाली खड्ड्यात पाय सोडून विणकर बसतो. मागाच्या वर छतापासून दोरांचं एक दाट जाळं लटकवलेलं असतं, त्याला ते जाला म्हणत. नक्षी त्या जाल्यात बांधलेली असते. ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा, एकेक धागा जाल्याच्या एकेका फासातून गेलेला असतो. वरच्या फळीवर बसून एक जण ठरलेले दोर ओढतो, खालचा धोटा फेकतो, आणि फूल उमटत जातं. वर बसायला विणकराची बायको. कोणता धागा कोणत्या फासातून न्यायचा हे ज्यानं जाला बांधला त्याच्या डोक्यात असतं. कागदावर कुठंच नसतं.

म्हणून या लोकांची एक रीत होती. माग कधी रिकामा करायचा नाही. एक कापड उतरवलं तरी फासांमधून गेलेला हातभर ताणा मागावर तसाच सोडायचा. नवा ताणा आणला की त्या हातभर धाग्यांच्या टोकांना नव्या धाग्यांची टोकं एकेक करून जोडायची, मग नवा ताणा हलकेच ओढायचा. जुन्याच्या मागोमाग नवा आपापल्या फासातून बरोबर पुढं येतो. जोडायचं काम अम्माचं. समोर वाटीत चुलीतली राख घेऊन ती बसायची. बोट राखेत बुडवायचं, दोन्ही टोकं चिमटीत धरून पीळ द्यायचा, झालं. मोतीबिंदूनं तिचे डोळे गेल्यात जमा होते, पण ते काम बघताना हिला दिसत नाही हे खरं वाटायचं नाही. दोन-तीन दिवसांत ती अख्खा ताणा सांधायची. विणकर मला मोठ्या मिजाशीत सांगायचा की आज तो जे विणतोय त्याचा धागा अब्बांच्या हातच्या धाग्याला जोडलेला आहे, मधे एकदाही तुटलेला नाही.

मग जपानशी लढाई जुंपली.

लढाई कुठं लांब समुद्रापलीकडं, आणि तिचा कागद आला आमच्या कचेरीत. शहरात येणारं पुष्कळसं रेशीम जपानी असायचं. मुंबईच्या एका जपानी पेढीकडून ते यायचं आणि इथला एक आडत्या ते विणकरांना पुरवायचा. आमच्या पेशकारांनी, म्हणजे वरच्या कारकुनांनी, हुकूम वाचून दाखवला. शत्रूच्या मुलखातल्या माणसाचा किंवा पेढीचा जो काही माल राज्यात असेल, किंवा ज्या मालात त्यांचा थोडाही हिस्सा असेल, तो हलवायचा नाही, विकायचा नाही, द्यायचा नाही, घ्यायचा नाही. त्यांचं कुणाकडं येणं असेल तर ते सरकारी खजिन्यात भरायचं. परवानगीशिवाय त्यांच्याशी कसलाच व्यवहार नाही. मी विचारलं, म्हणजे जप्ती का? पेशकार हसले. जप्ती केली की माल सरकारचा होतो, म्हणाले, हा माल ज्याचा आहे त्याचाच राहणार, फक्त त्याला हात लावायचा नाही. मला ते फार हुशारीचं वाटलं होतं. कुणाचं काही घ्यायचं नाही आणि तरी त्याच्याकडं काही ठेवायचं नाही.

पहिल्यांदा आडत्याचं दुकान सील झालं. माल, गादी, वह्या, सगळं आत. आडत्या आदल्याच आठवड्यात मुंबईला गेला होता, तो काही परतला नाही. मग ज्या विणकरांकडं त्याचं रेशीम होतं त्यांची नावं आली. दुकानातला माल जागेवर मोहरबंद करता येत होता, पण मागावरचं रेशीम चार दिवसांत कापड होऊन बाजारात जाईल, म्हणून ते काढून मालखान्यात आणायचं ठरलं. पेशकारांनी आमच्या गल्लीचं काम मला दिलं. देताना डोळे बारीक करून म्हणाले, तुमचंच शेजारपाजार आहे, सांभाळून घ्याल ना? सांभाळून घेणं म्हणजे त्यांना काय अपेक्षित होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. मी त्याचा अर्थ असा घेतला की हे माझी परीक्षा बघताहेत, आणि माझी नोकरी कच्ची आहे. आदल्या रात्री बायको म्हणाली, दुसऱ्या कुणाला पाठवायला सांगा की. मी तिच्यावर खेकसलो.

सकाळी एक चपराशी आणि गल्लीतलेच दोन दुकानदार पंच म्हणून घेऊन मी समोरच्या घरात शिरलो. रोज चप्पल काढून शिरायचो, त्या दिवशी पायात बूट होते. मागावर शेरवानीचं कापड चढलेलं, त्याच डाळिंबाच्या नक्षीचं. नेहमी ताणा सुती असायचा, पण हे मागणीचं काम, ताणाही रेशमी आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, तोही रेशमी. विणकराची बायको वर फळीवर बसलेली, तो खाली खड्ड्यात. मी हुकूम उर्दूत वाचला आणि मराठीत सांगितला.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, हे रेशीम पेढीचं नाही, माझं आहे, पैसे आधीच चुकते केलेत, आडत्याच्या वहीत बघा. मी म्हटलं, वही दुकानात आहे आणि दुकानाला मोहर लागली आहे. मग मोहर काढून बघा, तो म्हणाला. मी म्हटलं, परवानगीशिवाय मोहर निघत नाही, आणि परवानगीच्या अर्जाला पुरावा जोडावा लागतो. मलाही ते बोलताना आत कुठंतरी विचित्र वाटलं होतं, पण मी चेहरा सरकारी ठेवला.

बरं, तो म्हणाला, घेऊन जा. माझं आहे ते कधीतरी परत मिळेलच. खड्ड्यातून वर येऊन त्यानं मला मागाशी नेलं आणि बोटानं दोन जागा दाखवल्या. विणलेलं कापड इथं पुढून कापा, आणि मागचा गुंडाळलेला ताणा इथं मागून कापा. मधे फासांमधून गेलेला जो आहे तो राहू द्या.

"हातभर सोडा, मुन्शीजी," तो म्हणाला. "बाकी सगळं घेऊन जावा."

मी म्हणालो की हुकमात सगळं लिहिलंय. त्यानं मला जाला, फास, नवा ताणा जुन्याला जोडायची रीत सगळं समजावलं, जे मला आधीच माहीत होतं. माहीत होतं, हे लक्षात ठेवा. दहा वेळा मी त्याच्या उंबऱ्यात बसून अम्माची बोटं बघत चहा प्यालो होतो. तरी मी म्हणालो, हातभर असो की बोटभर असो, यादीत सगळं येणार.

तेव्हा तो पंचांकडं वळला आणि नेहमीच्या चेष्टेच्या सुरात म्हणाला की मुन्शीजींचं सगळं कागदावर चालतं, मागाची अक्कल कागदात कुठून येणार. पंच हसले. चपराशीही हसला. त्यात वाईट काही नव्हतं, असलं तो रोज बोलायचा आणि मी रोज हसायचो. पण त्या दिवशी मी टोपी घालून चार माणसांत उभा होतो, आणि माझे कान तापले. खरं सांगतो, त्या क्षणाला मला जपान आठवत नव्हता, हुकूम आठवत नव्हता, नोकरीसुद्धा आठवत नव्हती. याला दाखवतो, एवढंच डोक्यात होतं.

मी कात्री मागितली. विणकर हलला नाही. अम्मा कोपऱ्यात बसली होती. तिला वाटलं आता तो म्हणतो तिथं मी कापणार. तिनं चाचपडत फडताळातली कात्री काढली आणि मूठ माझ्याकडं करून दिली.

मी पुढून कापलं. फक्त पुढून. कापड गुंडाळून चपराशाकडं दिलं, आणि मागं जाऊन ताण्याच्या गुंडाळीला हात घालून त्याला म्हणालो, ओढ. त्यानं ओढलं. सगळे धागे सर्रकन एकदम फासांमधून मागं निघून आले. आवाज अगदी बारीक झाला. इतके दिवस ताणलेले ते हजारभर फास मोकळे होऊन लोंबायला लागले आणि एकमेकांत अडकले. विणकराचा एक हात पुढं आलेला होता, तो तसाच राहिला. त्याची बायको वरून खाली बघत होती.

"किती सोडलं?" अम्मानं विचारलं.

तिनं पुन्हा विचारलं. मग ती सरकत मागाशी आली आणि हात वर करून फास चाचपायला लागली. मी यादी लिहायला बसलो.

यादीला शेवटचा एक रकाना असायचा, कैफियत नावाचा. काही वेगळं घडलं असेल, काही सवलत दिली असेल, तर ते तिथं लिहायचं. त्यात एक ओळ पुरली असती. मागाच्या गरजेपुरता हातभर धागा जागेवर ठेवला आहे, पंचांसमक्ष. मला एवढं उर्दू येत होतं, झोपेतसुद्धा लिहिलं असतं. तो रकाना मी कोरा ठेवला. पंचांनी अंगठे दिले, विणकरानं सही केली. सही करून कागद परत देताना तो म्हणाला, घ्या साहेब. त्यानंतर त्यानं मला कधी मुन्शीजी म्हटलं नाही.

दोन महिन्यांनी माझी नोकरी पक्की झाली. गुलमंडीवरून पेढे आणले. बायकोनं देवापुढं ठेवले, मग सवयीनं एक वाटी बाजूला काढली आणि माझ्याकडं बघत उभी राहिली. समोर द्यायचे का, असं तिनं विचारलं नाही, मी पुड्याचा दोरा गुंडाळत बसलो. तिनं वाटीतले पेढे परत पुड्यात टाकले. त्या घरातून माग वाजत नव्हता आणि गल्लीतल्या बाकीच्या मागांच्या आवाजात ती एक जागा मला रोज ऐकू यायची.

विणकरानं अर्ज केला होता. अर्ज कचेरीतून हैदराबादला गेला, तिथून परत आला, कसलातरी दाखला मागून पुन्हा गेला. शेवटी कधीतरी आडत्याच्या दुकानाची मोहर फोडून वह्या तपासायचा हुकूम निघाला, आणि वहीत विणकर म्हणत होता तेच सापडलं. रेशीम त्याचंच होतं. पेढीचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. परत देण्याचा हुकूम पेशकारांनी माझ्या पुढ्यात टाकला. सोबत अर्जही होता, त्यात मागाचं नुकसान झाल्याचं लिहिलेलं. पेशकारांनी तो वाचला, माझी जुनी यादी काढून बघितली आणि कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. अहो, एक ओळ लिहायची की, म्हणाले, आम्ही नेहमी लिहितो, कोण विचारतंय हातभर दोऱ्याला. रागावलेसुद्धा नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

रेशमाची पेटी घेऊन मी समोर गेलो. या वेळी चप्पल बाहेर काढली. विणकरानं पोच लिहून दिली. अम्मानं ताण्याची गुंडाळी मांडीवर घेतली, सवयीनं राखेची वाटी जवळ ओढली, धाग्याचं टोक शोधून चिमटीत धरलं. मग दुसरा हात नुसताच हवेत राहिला.

"जोडू कशाला, बेटा?" ती मला म्हणाली.

मला बेटा म्हणाली हो. शिवी दिली असती तर मी तिथून ताठ मानेनं निघालो असतो.

पुढचे काही महिने ते नवरा-बायको जाला उलगडत बसले. फास सोडवायचे, अंदाजानं धागा ओवायचा, वीतभर विणून बघायचं. फूल मधूनच मोडायचं. पाकळ्या एकीकडं, देठ एकीकडं. मोडलेल्या फुलाच्या तशा वीतभर पट्ट्या मी त्यांच्या दाराशी पाहिल्या आहेत, अम्मा त्यांच्यावर पापड वाळत घालायची.

मग एके दिवशी दुपारी विणकर आमच्या दारात आला. आत ये म्हटलं तरी आला नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच म्हणाला की साहेब, तुमच्या लग्नाचा शेला आहे ना, तो थोडे दिवस द्या. त्या नक्षीचं दुसरं कापड कुठं मिळत नाही, विकलेलं सगळं परगावी गेलं. शेल्याच्या मागच्या अंगानं धागे मोजता येतील. एका टोकाचं एक फूल उसवावं लागेल, तेवढं बिघडेल, ते मी भाभींना पुन्हा भरून देईन. एका फुलावरून सगळा जाला परत बांधता येईल. बोलताना त्याची नजर माझ्या पायांकडं होती. हा माणूस ज्या सुरात मला मागणं मागत होता तो सूर मी त्याच्या तोंडी आधी कधीच ऐकला नव्हता.

शेला आतल्या खोलीत ट्रंकेत होता. ट्रंकेला टेकून माझी बायको भाजी निवडत बसली होती.

मी म्हणालो, शेला गावाला आहे.

का म्हणालो? स्वतःला मी तेव्हा सांगितलं की लग्नाची गाठ बांधलेलं वस्त्र, ते कसं उसवायला द्यायचं, बायकोला वाईट वाटेल. थापा सगळ्या. खरं एवढंच की शेला दिला असता तर माझ्या हातून चूक झाली हे मी कबूल केल्यासारखं झालं असतं. गल्लीत बोभाटा झाला असता, कचेरीत गेला असता. आजवर मी हुकमाचा ताबेदार होतो, दोष हुकमाचा होता. शेला दिला की दोष माझा. मला तो नको होता. लाज त्या दिवशी वाटली नाही, फक्त भीती वाटली. लाज पुढं आली, आणि एकदा आली ती गेली नाही.

देवगावला निरोप पाठवून मागवता येईल का, त्यानं विचारलं. बघतो, मी म्हणालो. तो मान हलवून गेला. पुढं दोनदा त्याच्या बायकोनं बंब्यावर माझ्या बायकोला विचारलं, शेला आला का. माझी बायको घरी येऊन मला तेवढंच सांगायची, की आज पुन्हा विचारलं. दुसरा शब्द नाही. कधी भांडली असती, तर मीही दोन शब्द बोललो असतो आणि त्या बोलाचालीत काहीतरी सुटलं असतं. तिनं मला तीही सोय दिली नाही. शेला मात्र तिनं परत कधी अंगावर घेतला नाही, नणंदेच्या लग्नातसुद्धा नाही.

तिसऱ्यांदा कुणी विचारलं नाही. विणकर सूतगिरणीत कामाला लागला. सकाळी भोंगा झाला की डबा घेऊन खाली मान घालून गल्लीतून जायचा. मी कचेरीत निघायची वेळ जरा पुढं ढकलली, म्हणजे समोरासमोर यायला नको.

असं तीनेक वर्षं चाललं. मग अम्मा गेली. गल्लीतले सगळे गेले, मीही लांबून मातीला गेलो आणि परत आलो. तीन दिवसांनी घरी भेटायला जायचं म्हणून कपडे करत होतो, तर बायकोनं ट्रंक उघडली, शेला काढला आणि घडी माझ्या हातात दिली.

"आज तरी गावाहून आला म्हणा," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत त्यावर ती बोलली ते एवढंच. मी शेला काखेत घालून निघालो. चार पावलांची गल्ली. मनाशी वाक्यं जुळवत होतो. उशीर झाला म्हणू, माफ कर म्हणू, आता तरी घे म्हणू. अम्मा नाही, पण तो आहे, त्याची बायको आहे, गिरणीतून आल्यावर थोडं थोडं करतील, अशी आपल्या मनाची समजूत घालत होतो.

विणकर दारात आला. बसा साहेब, म्हणाला. मागाचा खड्डा बुजवून जमीन सारवलेली होती आणि तिथं एक बाज टाकलेली होती. मी बाजेवर बसलो. बसल्यावर मांडीला बारीक बारीक काहीतरी टोचायला लागलं. खाली हात घालून बघितलं. बाज सुंभाची नव्हती. पातळ सुती दोर, पिळून पिळून जाड केलेले, आणि त्यांत जागोजागी गाठी. दोर ओढायचे कधी आणि सोडायचे कधी ते सांगणाऱ्या गाठी. अख्खी बाज जाल्याची विणली होती.

त्यानं माझा हात कुठं आहे ते बघितलं. म्हणाला, अम्माला शेवटी खाली झोपवत नव्हतं, सुंभ महाग झालेला, घरात हे पडून होतं. तिला आवडलं. झोपल्या झोपल्या गाठी मोजायची.

मला उठायचं होतं. पण पाहुण्याला बसायला दिलेल्या जागेवरून कसं उठणार? मी तिथं बसून राहिलो आणि शेला त्याच्यापुढं धरला. जुळवलेल्या वाक्यांतलं एकही तोंडातून निघालं नाही. गावाहून आला, असं तेवढं म्हणालो. त्या घडीलाही मी खोटंच बोललो.

त्यानं घडी उलगडली. शेला उलटा करून मागच्या अंगानं त्यानं त्यावरून अंगठा फिरवला, फुलावरून पानावर आला, पान डावीकडं वाकतं तिथं थांबला. त्याच्या बायकोनं आतून येऊन बघितलं आणि ती परत आत गेली. मग त्यानं शेल्याची घडी घातली, पहिली होती अगदी तशीच, आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"भाभींच्या लग्नाचा आहे," तो म्हणाला. "उसवू नका. एवढाच राहिलाय."

त्याची बायको चहा घेऊन आली. मी त्या बाजेवर बसून तो सगळा चहा प्यालो.

घरी आलो तर बायको दारातच उभी होती. घेतला का, तिनं विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. तिनं माझ्या हातातून शेला घेतला, ट्रंकेत ठेवला, ट्रंकेला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. ती किल्ली अजून माझ्याकडंच आहे.